डेबियनच्या मुखपृष्ठाची फेररचना : पार्श्वभूमी

डेबियन या स्वयंसेवकांनी चालवलेल्या मुक्त संगणकप्रणालीच्या संकेतस्थळाने मोठी कात टाकली ती ६ फेब्रुवारी २०११ रोजी, प्रणालीची ‘स्क्वीझ’ नावाची आवृत्ती आली त्याच दिवशी. त्याआधीची मांडणी जवळपास १३ वर्षं चालली. आळस हे त्याचं कारण नव्हतं. हजारो स्थिर पानं, डझनावारी भाषांतरं, जावास्क्रिप्ट नसतानाही पान वाचता आलं पाहिजे हा आग्रह, आणि काम करणारे सगळे फावल्या वेळातले. २०१८ मध्ये संकेतस्थळाचा मजकूर सीव्हीएसमधून गिटमध्ये (दोन्ही फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणाली) हलवला, तेव्हा प्रत्येक भाषांतराच्या माथ्यावरचा मूळ पानाचा आवृत्तीक्रमांकही बदलावा लागला. तो नसला तर कोणतं भाषांतर किती शिळं झालंय हे कळणारच नाही. असली कामं बाहेरून दिसत नाहीत.

१७ डिसेंबर २०२० रोजी नवं मुखपृष्ठ आलं. दुव्यांची लांबलचक यादी आतल्या पानांवर गेली आणि वर ठळक ‘डाउनलोड’ बटण बसलं. रंग-फाँटवर बोलणारे बरेच होते. खरी अडचण मात्र त्या बटणामागे होती.

स्क्वीझच्या कर्नलमधून (प्रणालीच्या गाभ्यातून) बंदिस्त फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आत चालणारं, मूळ कोड खुला नसलेलं सॉफ्टवेअर, काढून ‘नॉन-फ्री’ (मुक्त नसलेल्या) विभागात ठेवलं गेलं होतं; म्हणजे २०११ चं नवं रूप आणि ही साफसफाई एकाच दिवशी लोकांपुढे आली. तत्त्वाला धरूनच होतं ते. पण अनेक वायफाय कार्डांचा ड्रायव्हर खुला असला, तरी कार्डात भरायचा तुकडा बंदिस्तच असतो. बटण दाबून मिळणारी छोटी आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) बाकीचं सगळं नेटवरून आणायची, आणि नेटसाठी लागणारं फर्मवेअर तिच्यात नव्हतं. मग इन्स्टॉलर सांगणार, फर्मवेअर पेनड्राइव्हवर वेगळं आणा.

फर्मवेअर घातलेली आयएसओ उपलब्ध होती. ती तयार करणारी माणसं तीच, ठेवलेली त्याच सर्व्हरवर, फक्त फोल्डरचं नाव ‘अनऑफिशियल’. या शब्दाने सगळा घोळ केला. ‘अनधिकृत’ म्हणजे कोणी तिऱ्हाइताने बनवलेली, कदाचित धोक्याची, असाच अर्थ नवखा माणूस लावणार. मराठीत तर पुढे ‘बांधकाम’ म्हणायचंच बाकी राहतं. प्रकल्पाच्या लेखी अर्थ एवढाच होता, की १९९७ च्या सामाजिक करारानुसार (प्रकल्पाने स्वतःला घालून घेतलेल्या तत्त्वांनुसार) ‘नॉन-फ्री’ भाग डेबियनचा घटक नाही, म्हणून तो घातलेली प्रत अधिकृत म्हणवता येत नाही. एका शब्दावर परवान्याचं आणि विश्वासार्हतेचं, अशी दोन ओझी लादली होती. नवं मुखपृष्ठ करणाऱ्यांना हा गुंता सोडवण्याचा अधिकारच नव्हता. चालणारी आयएसओ पुढे मांडली तर करार मोडतो, नाही मांडली तर ठळक बटण कित्येक लॅपटॉपधारकांना अर्ध्या वाटेत सोडतं. २०२० मध्ये दुसरा पर्याय राहिला. ते प्रामाणिकपणाचं होतं, सोयीचं नव्हतं.

निर्णय झाला २०२२ च्या सर्वसाधारण ठरावात, म्हणजे प्रकल्पाच्या सदस्यांच्या मतदानात. मतपत्रिकेवर कराराला हात न लावण्यापासून दोन इन्स्टॉलर शेजारी ठेवण्यापर्यंतचे पर्याय होते. कोणती आयएसओ किती ठळक दाखवायची हेसुद्धा एका प्रस्तावात लिहिलेलं होतं. पानावरच्या जागेचा प्रश्न मतपत्रिकेपर्यंत जावा, हे अशाच प्रकल्पात घडू शकतं! ऑक्टोबरच्या सुरुवातीला निकाल लागला : इन्स्टॉलर एकच, फर्मवेअरसह, आणि करारात तशी दुरुस्ती. कराराला हात घालायचा म्हणून इथे साधं बहुमत पुरेसं नव्हतं, तीनास एक लागत होतं.

१० जून २०२३ ला ‘बुकवर्म’ ही आवृत्ती आली. फर्मवेअरला ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा स्वतंत्र विभाग मिळाला आणि वेगळ्या अनधिकृत आयएसओचं कामच उरलं नाही. बटण होतं तिथेच राहिलं, त्यामागची फाइल बदलली. ज्यांना बंदिस्त फर्मवेअर नकोच आहे त्यांना बूट करताना एक पॅरामीटर देऊन ते टाळता येतं.