उखळीचा सांधा आणि शिकवता येणारा हात

आखडलेला खुब्याचा सांधा (हिप) हाताने सैल करायला शिकवणाऱ्या फिजिओथेरपीच्या कार्यशाळेत एक दृश्य हमखास दिसतं. निम्मी मुलं टेबलावर उताणी, निम्मी शेजारी उभी. झोपलेल्याच्या मांडीच्या मुळाशी एक रुंद पट्टा, त्याचं दुसरं टोक उभ्याच्या कमरेमागून फिरलेलं. हाताने ओढायचं नाही, आपलं वजन मागे सोडायचं. पहिल्यांदा सगळेच हाताने ओढतात आणि पाच मिनिटांत दमतात.

पट्टा का लागतो, याचं उत्तर 1836 सालचं आहे. विल्हेल्म आणि एडुआर्ड वेबर या जर्मन भावांनी शवातल्या खुब्याभोवतीचे स्नायू कापले, सांध्याचं आवरणही कापलं. तरी मांडीचं हाड लोंबकळत राहिलं, निसटलं नाही. मग कमरेच्या हाडातून उखळीच्या तळाला भोक पाडलं. हवा आत शिरली आणि पाय खाली आला. आपण ज्याला उखळीचा सांधा म्हणतो, त्या उखळीत मुसळ नुसतं ठेवलेलं नसतं, हवेच्या दाबाने चिकटलेलं असतं. वरून अंगातले सर्वांत दणकट अस्थिबंध आणि मांसाचा जाड थर. बोट, मनगट किंवा गुडघा चिमटीत धरता येतो, खुबा नाही. म्हणून पट्टा.

तरीही लोक त्याला हात घालत आलेच. निखळलेला खुबा ताण देऊन बसवण्याच्या रीती हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रीक ग्रंथांत आहेत. आपल्याकडे हे काम हाडवैद्याचं. युरोपातही असेच लोक होते, आणि ही विद्या घरातच राहायची. बापाने मुलाला दाखवायची, बाहेर बोलायची नाही.

या गुप्त विद्येची आणि वैद्यकाची गाठ लिव्हरपूलमध्ये एका घरातच पडली. इव्हान थॉमस हे वेल्श हाडवैद्य, डॉक्टरांनी कोर्टात खेचलेले. त्यांनी पाचही मुलांना डॉक्टर केलं. थोरला ह्यू ओवेन थॉमस. त्याची चाचणी आजही पहिल्या वर्गात शिकवतात. रोगी उताणा, चांगल्या पायाचा गुडघा छातीशी घट्ट. कंबर टेबलाला टेकली की इतका वेळ सरळ वाटणारी दुखरी मांडी आपोआप वर उचलली जाते. कमरेच्या बाकाने लपवलेला आखडलेपणा उघडा पडतो. गंमत अशी, की हाडवैद्याच्या या मुलाने खुबा हलवण्याचा नव्हे, तर सक्तीच्या, अखंड, दीर्घ विश्रांतीचा पुरस्कार केला. त्यालाही कारण होतं. त्या काळी खुब्याचं दुखणं म्हणजे पुष्कळदा हाडाचा क्षय, आणि क्षयाचा सांधा पिरगाळला तर सत्यानाश. आजच्या प्रशिक्षणात हात लावण्याआधी ताप, घटलेलं वजन, रात्रीची वेदना विचारायला लावतात, त्यात हाच धडा आहे. 1867 मध्ये लंडनचे शल्यविशारद सर जेम्स पॅजेट यांनी सहव्यावसायिकांना सुनावलं, की हाडवैद्य काही रोगी खरोखर बरे करतात. ते कसे, हे बघा आणि घातक तेवढं टाळा.

बघायला बराच काळ गेला. विसाव्या शतकात लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात जेम्स सिरियॅक्स यांनी हाताला जाणवणाऱ्या गोष्टींना नावं दिली. सांधा शेवटी कसा अडतो? हाडावर हाड आपटल्यासारखा, चामडं ताणल्यासारखा, की अडण्याआधीच रोगी ‘बास’ म्हणतो? ही नावं मिळाली आणि माझ्या मते खरं प्रशिक्षण तिथेच सुरू झालं, कारण आता शिक्षक विद्यार्थ्याला ‘तुला काय लागलं?’ असं विचारू शकत होता. नॉर्वेच्या फ्रेडी काल्टेनबॉर्न यांनी सांध्याच्या पृष्ठभागांच्या आकारावरून सरकवण्याची दिशा ठरवली. ॲडलेडच्या जेफ्री मेटलंड यांनी जोर मोजायला चार पायऱ्या लावल्या. पहिल्या दोन, सांधा जिथे अडू लागतो त्या अडथळ्याच्या अलीकडे, मुख्यतः वेदनेसाठी. पुढच्या दोन थेट अडथळ्यापर्यंत, आखडलेपणासाठी. 1974 मध्ये हाताने सांधे हलवणाऱ्या या मंडळींची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. न्यूझीलंडच्या ब्रायन मलिगन यांनी पुढे रोग्यालाच हालचाल करायला लावून त्याच वेळी सांधा सरकवायची पद्धत रुजवली. कार्यशाळेतला तो पट्टा मुख्यतः त्यांच्यामुळे लोकप्रिय झाला.

मुंबईत केईएम रुग्णालयातलं फिजिओथेरपीचं शिक्षण 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला उभं राहिलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने. पुढ्यात मुख्यतः पोलिओची मुलं होती. लुळ्या पायाला बळ देणं हे पहिलं काम, आखडलेला खुबा सैल करणं नंतरचं. शिवाय पुस्तकं परदेशी. ती विचारायला सांगतात, ‘मोजे घालताना त्रास होतो का?’ आपला रोगी सांगतो, ‘मांडी घालून बसता येत नाही हो, पूजेला पाट सोडून खुर्ची घ्यावी लागते.’ दुखणं कुठे, असं विचारलं तर कुणी कंबर दाखवतो, कुणी चक्क गुडघा. खुब्याची कळ गुडघ्यात उतरते, हे ठाऊक नसलेला थेरपिस्ट महिनाभर गुडघाच शेकत बसतो.

1962 मध्ये इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी आधुनिक कृत्रिम खुबा बसवायला सुरुवात केली, आणि पार झिजलेल्या सांध्याचा प्रश्न शस्त्रक्रियेकडे गेला. हाताकडे उरले मधले रोगी, झीज सुरू झालेली पण शस्त्रक्रियेची वेळ न आलेली. त्यांच्यावर हाताचा उपयोग किती? 2004 मध्ये नेदरलँड्समधल्या 109 रोग्यांच्या चाचणीत पाच आठवड्यांनी हाताच्या उपचारांनी 81 टक्के सुधारले, नुसत्या व्यायामाने 50 टक्के. कार्यशाळांच्या पहिल्या स्लाइडवर शोभावा असा आकडा. पण 2014 मध्ये ऑस्ट्रेलियात 102 रोग्यांवर हात आणि व्यायाम एकत्र वापरले, आणि बंद ठेवलेल्या अल्ट्रासाउंड यंत्राच्या लटक्या उपचारापेक्षा ते सरस ठरले नाहीत. हा आकडा मात्र स्लाइडवर क्वचितच येतो. ब्रिटनच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी मधला रस्ता काढला: खुब्याच्या झिजेत हाताच्या उपचारांचा विचार करायला हरकत नाही, पण व्यायामाच्या जोडीनेच.