अक्षता पडतात तेव्हा चौकोन का दिसतात?

मावशीनं कपाटातून काढून दिलेल्या पाकिटावर स्केचपेननं लिहिलं होतं, 'लग्न, भाग १'. तिच्या लेकीचं, २००९ सालचं. "एवढी सीडी मोबाइलवर टाकून दे रे," इतकंच तिचं म्हणणं. सीडी म्हणजे खरं तर डीव्हीडी, पण तो फरक आपल्याकडे घरात कुणी केला नाही. डीव्हीडी प्लेअर कधीच भंगारात गेलेला, लॅपटॉपला ड्राइव्ह नाही. यूएसबीला जोडायचा एक ड्राइव्ह मागून आणला, चकती घातली आणि आतलं फोल्डर जसंच्या तसं फोनवर उतरवलं. फोन ते उघडेचना.

त्यात फोनची चूक नाही. डीव्हीडीवरचा व्हिडिओ एमपेग-२ या १९९० च्या दशकातल्या पद्धतीनं बांधलेला असतो. फोनच्या चिपमध्ये व्हिडिओ उलगडणारा एक खास भाग असतो, तो एच.२६४ आणि त्यापुढच्या पद्धतींसाठी घडवलेला. पुष्कळ चिपना एमपेग-२ येतच नाही. व्हीएलसीसारखं अ‍ॅप ते काम मुख्य प्रोसेसरकडून करून घेतं, पण बॅटरीला ते महाग पडतं. म्हणून एच.२६४ मध्ये 'कन्व्हर्ट' करायचं.

हा शब्द मला फसवा वाटतो. तांदूळ या डब्यातून त्या डब्यात ओतावेत असं काहीतरी त्यातून डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात डीव्हीडीवर लग्न नसतंच, लग्नाचा सारांश असतो.

हिशेब करून बघा. टीव्हीच्या आपल्याकडच्या 'पाल' पद्धतीत एका फ्रेममध्ये ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ३ बाइट धरले तर एक फ्रेम साधारण सव्वा एमबीची. अशा सेकंदाला २५, म्हणजे ३१ एमबी. ४.७ जीबीची चकती अडीच मिनिटांत भरेल, तेवढ्यात मंगलाष्टकंसुद्धा आटपायची नाहीत. तरीही शूटिंगवाल्यानं तिच्यावर तीन तास बसवलेले असतात. सत्तरएक पटींनी आवळून.

हे साधतं कसं, ते अंतरपाटाच्या प्रसंगात छान दिसतं. कॅमेरा स्टँडवर, नवरा-नवरी पुतळ्यासारखी उभी, मधे कापड. या फ्रेममध्ये आणि पुढच्या फ्रेममध्ये जवळजवळ काहीच बदलत नाही. एमपेग-२ अर्ध्याएक सेकंदाला एक फ्रेम पूर्ण लिहून ठेवतं. मधल्या फ्रेमसाठी फक्त कोणता तुकडा कुठून कुठे सरकला याची नोंद आणि उरलेला फरक. स्थिर चित्राला हे फार स्वस्तात पडतं.

मग 'सावधान' होतं आणि अक्षता पडतात. शेकडो दाणे, प्रत्येकाची वाट वेगळी. 'हा तुकडा इथून तिथे सरकला' ही युक्ती इथे चालत नाही, सगळं नव्यानं लिहावं लागतं आणि त्याला जागा पुरत नाही. चित्र ८ गुणिले ८ ठिपक्यांच्या चौकोनांत कापलेलं असतं. जागा कमी पडली की प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील आधी टाकला जातो आणि उरलेल्या आकड्यांची ढोबळ गोळाबेरीज होते. ती प्रत्येक चौकोन आपापली करतो. त्यामुळे शेजाऱ्याशी कडा जुळत नाहीत आणि मंडपभर फरशी बसवल्यासारखं दिसतं.

२००३ मध्ये आलेलं एच.२६४ इथे जास्त हुशार आहे. ते तुकडे ४ गुणिले ४ पर्यंत लहान करतं, सरकणं पाव ठिपक्यापर्यंत मोजतं (एमपेग-२ अर्ध्यावर थांबायचं), मागच्या अनेक फ्रेममध्ये शोधतं आणि चौकोनांच्या कडा शेवटी घासून मऊ करतं. म्हणून तेवढंच चित्र साधारण निम्म्या जागेत मावतं. पण डीव्हीडीवर जे आधीच टाकलं गेलंय ते त्यालाही परत आणता येत नाही. उलट जुन्या चौकोनांच्या कडा म्हणजे खराच तपशील असं समजून त्या जपण्यात ते जागा घालवतं. झेरॉक्सची झेरॉक्स काढताना पहिल्या प्रतीवरचे डागही इमानानं उतरावेत, तसं. कन्व्हर्ट करताना 'एचडी' आकार निवडू नये तो याचसाठी. फाइल फुगते, चित्र तेच राहतं.

मी हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर वापरलं. त्यात गुणवत्तेचा एक आकडा असतो, आरएफ, जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. डीव्हीडीला १८ ते २२ पुरतो. मी २० ठेवला, फाइल लावली, तर हळद लावणाऱ्या बायकांच्या बांगड्यांना कंगव्यासारखे दात फुटलेले! चूक माझीच. जुने कॅमेरे सेकंदाला २५ पूर्ण चित्रं घेत नसत, ५० अर्धी घेत. आधी विषम ओळी, मग सम, किंवा उलट. दोन अर्ध्यांमध्ये सेकंदाचा पन्नासावा भाग जातो, तेवढ्यात हात पुढे गेलेला असतो. डब्बा टीव्ही त्या ओळी आळीपाळीनंच दाखवायचा, त्यामुळे कधी खटकलं नाही. फोन दोन्ही एकदम दाखवतो. 'डीइंटरलेस', म्हणजे अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करणारी सोय, चालू करून पुन्हा लावलं आणि दात गेले.

लग्नाच्या चकतीला कॉपी रोखणारं कुलूप नसतं. बाजारातल्या बहुतेक सिनेमांच्या डीव्हीडींना असतं, सीएसएस नावाचं. त्याची किल्ली जेमतेम ४० बिटची, ते १९९९ मध्येच फुटलं. हँडब्रेक स्वतः ते उघडत नाही. आणि आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम ६५अ प्रमाणे, हक्क डावलण्याच्या हेतूनं असं कुलूप तोडणं गुन्हा आहे.

भाग १ सुरळीत झाला. दुसरी चकती, भाग २, शेवटाकडे अडकली. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे भरलेल्या चकतीवर पाठवणी नेमकी काठावर येते, जिथे सगळ्यांची बोटं लागतात. शिवाय घरी 'बर्न' केलेल्या चकतीत माहिती रंगद्रव्याच्या थरात असते आणि तो थर ऊन-उष्णतेनं खराब होतो. मऊ सुती कापडानं मधून काठाकडे सरळ पुसलं. गोल पुसू नये, कारण माहिती गोल गोल मांडलेली असते, त्याच दिशेनं पडलेला ओरखडा ती सलग खातो आणि चूक दुरुस्त करणारं गणित तिथे हात टेकतं. चौथ्या प्रयत्नात सगळं आलं, दोन जागी क्षणभर चित्र गोठतं तेवढं सोडून. मूळ फोल्डरची प्रत हार्ड डिस्कवर वेगळी ठेवली. उद्या दुसरी पद्धत आली तर तिच्यावरून करेन, या फाइलवरून नाही.

मावशीला गोठलेलं चित्र जाणवलंच नाही. पाठवणीला मागे उभ्या असलेल्या बाईंची पैठणी तिला बघायची होती. दोन बोटांनी चित्र मोठं करकरून ती पदरावरचे मोर शोधत राहिली. पण डीव्हीडी उजेड-अंधार सगळ्या ठिपक्यांचा ठेवते आणि रंग मात्र ३६० गुणिले २८८ ठिकाणांचाच. पदराच्या जागी एक जांभळट पट्टा होता.

"साडी शालूच असेल मग," ती म्हणाली.