बोरघाटातील रेल्वेपूल : जुन्या छायाचित्रांतील अर्थ

सह्याद्रीत कर्जत ते खंडाळा या चढणीवर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बांधलेले दगडी कमानपूल एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांत दिसतात. निसर्गचित्रात पूल आला की दोन तीरांची भेट, असा अर्थ आपण सहज लावतो. ‘सेतू’ या शब्दातच तो मुरलेला आहे. बोरघाटाला मात्र हा अर्थ नीट बसत नाही. येथील कमानींखाली खोल दऱ्या आणि पावसाळ्यापुरते धावणारे ओहोळ. पलीकडच्या काठावर वाट पाहणारे गाव नाही. हे पूल जोडत होते ते देशावरचा कापूस आणि मुंबईचे बंदर. मार्ग खुला झाला तेव्हा अमेरिकेतील यादवी युद्धामुळे आपल्याकडच्या कापसाला इंग्लंडमध्ये मोठी मागणी होती.

काम १८५६ मध्ये सुरू झाले. २५ बोगदे, ८ मोठे कमानपूल आणि सुमारे ५५८ मीटरची चढण असलेल्या या मार्गाचे उद्‌घाटन २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी केले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे येऊन थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालवला. बांधकामाची काही छायाचित्रेही तिच्या नावावर आहेत.

त्या काळी काचेवर प्रतिमा उमटायला काही सेकंद लागत. हललेला माणूस पुसट होई, पूल स्पष्ट राही. कामाच्या भरात तळावर चाळीस हजारांहून अधिक मजूर होते आणि पटकीसारख्या रोगांनी त्यांतले हजारो दगावले. चित्रात ते आले तरी बहुधा कमानीची उंची समजावी एवढ्यापुरतेच. कंपनीच्या दृष्टीने पूल म्हणजे डोंगरावरचा विजय. पण प्रस्तुत नोंदीच्या मते या चित्रांचा खरा विषय म्हणजे ते न दिसणारे हात.

या चित्रांचे सौंदर्यही नाकारता येत नाही. सह्याद्रीचा कातळ मुळातच आडव्या थरांचा. पुलाचे खांब त्याच काळ्या दगडाचे. त्यामुळे लांबून पाहिलेल्या चित्रात कडा कुठे संपला आणि खांब कुठे सुरू झाला, हे चटकन कळत नाही. बांधकाम डोंगराइतकेच जुने आणि अढळ भासते. प्रत्यक्षात मौ-की-मल्ली या नावाने नोंदलेला कमानपूल १८६७ च्या पावसाळ्यात, म्हणजे उद्‌घाटनानंतर अवघ्या चार वर्षांत कोसळला.