लाल चिंधी आणि सव्वाअकरा मैल

८ मे १८४७. अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या माळावर प्लॅट नदीच्या काठाकाठाने कनातीच्या छपराच्या गाड्या पश्चिमेकडे चालल्या होत्या. ब्रिगहॅम यंगच्या पुढारपणाखाली निघालेला हा मॉर्मन पंथीयांचा तांडा. त्यातला विल्यम क्लेटन दिवसभर एका चाकावर नजर ठेवून होता. आऱ्याला त्याने लाल चिंधी बांधली होती. चिंधीची एक फेरी झाली की एक, दुसरी झाली की दोन. मुक्कामाला पोचेपर्यंत आकडा झाला ४,०७०!

हा खुळा उद्योग कशासाठी? रोजची मजल किती झाली, यावर तांड्यात वाद होत. पाय दुखत असले की मैल वाढतात, हे वारीला चालत गेलेल्यांना सांगायला नको. त्या दिवशीही कुणी १३ म्हणालं, कुणी १४. क्लेटनचा हिशेब सव्वाअकरा मैलांना थोडा वर भरला.

चाकाचा परीघ होता १४ फूट ८ इंच. त्याला ३६० ने गुणा: बरोबर ५,२८० फूट, म्हणजे एक मैल. इतका सोयीचा आकडा हाती लागल्यावर मोजायला माणूस कशाला?

तांड्यातल्याच ऑर्सन प्रॅटने आराखडा दिला, सुतारकाम करणाऱ्या ॲपलटन हार्मनने लाकडाचं यंत्र घडवलं. गाडीच्या चाकाचे सहा फेरे झाले की एक मळसूत्री दांडा एकदा फिरे आणि ६० दात्यांचं चाक एका दात्याने सरके. म्हणजे दर ८८ फुटांना एक दाता, साठ दात्यांना एक मैल. त्याला जोडलेलं दुसरं दातेरी चाक दहा मैलांपर्यंतची नोंद ठेवी. सायकलचा मीटर आजही हेच करतो, फेऱ्या गुणिले परीघ. फक्त दात्यांच्या जागी चुंबक आलं.

यात सगळी भिस्त परिघावर. तो मोजताना एका इंचाची चूक झाली तर मैलामागे ३० फुटांचा फरक, हजार मैलांत साडेपाच मैलांहून जास्त.

(या यंत्राचं श्रेय हार्मन एकटाच लाटतोय, अशी तक्रार क्लेटनने रोजनिशीत केली आहे. मोजून मोजून मान दुखली ती त्याची, तेव्हा राग समजण्यासारखा.)

पुढच्याच वर्षी क्लेटनने मोजलेली अंतरं छापली: कुठला ओढा किती मैलांवर, पुढचा मुक्काम कुठे. मागून येणाऱ्यांना आता सकाळी बैल जुंपतानाच कळायचं, संध्याकाळचं पाणी किती लांब आहे.