पोस्टडॉकचा अर्ज: बेळगाव-निपाणीकडच्या मुलांचे कागद कुठे अडतात

बॅटरी, सुपरकॅपॅसिटर, थिन फिल्म, सोलर सेल यांत पीएच.डी. केलेली आपल्या सीमाभागातली मुलं-मुली कामात कुठेच कमी नाहीत. पोस्टडॉकचे, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधनाच्या जागेचे, अर्ज परत येतात ते कागदांपायी, आणि दर वेळी त्याच त्या कागदांपायी. जीव तुटतो बघून.

देशातली मोठी संधी म्हणजे अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप, मुदत दोन वर्षं. वयोमर्यादा 35, महिला, एससी, एसटी, ओबीसी आणि दिव्यांगांना 5 वर्षांची सूट. वय अर्जाच्या शेवटच्या तारखेला मोजतात. पदवी हातात नसली तरी प्रबंध सादर केलेल्यांना अर्ज करता येतो, पण तसा दाखला विद्यापीठाचाच लागतो, गाईडचं पत्र पुरत नाही. मेंटॉर, म्हणजे ज्यांच्या हाताखाली हे संशोधन करायचं ते, नियमित पदावर हवेत. ते ‘हो’ म्हणाले की काम झालं असं समजू नका. संस्थेचं सही-शिक्क्याचं संमतिपत्र वेगळं, आणि ते ऑफिसातून निघायला वेळ लागतो.

ओबीसी सवलतीत फार जण फसतात. कर्नाटकातला 2ए किंवा 3बी या राज्याच्या मागास गटांचा दाखला म्हणजे केंद्राचा ओबीसी दाखला नव्हे. आधी आपली जात केंद्राच्या यादीत आहे का ते बघा. असेल तर तहसीलदारांकडे केंद्रीय नमुन्यातलाच दाखला मागा. नाडकचेरीतून (तिथल्या स्थानिक महसूल कार्यालयातून) मिळालेला कन्नड कागद तसाच अपलोड करू नका.

नावाचं दुखणं तर घरोघरी. दहावी इकडची, पीएच.डी. कोल्हापूरची. खानापूरच्या एका मुलीच्या दहावीच्या मार्क्स कार्डावर नाव आणि पुढे एक इंग्रजी अक्षर, पदवीवर आडनाव आधी, पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा! तिन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरीचं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करून ठेवा. पासपोर्ट मात्र दुरुस्तच करून घ्या.

दक्षिण कोरियाला जाणाऱ्यांकडे बहुतेक वेळा पदवीचं अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, मागतात. ज्या राज्यातली पदवी, त्याच राज्याचं साक्षांकन आधी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. म्हणजे शिवाजी विद्यापीठाची पदवी असेल तर बेळगावात राहून मुंबईचा रस्ता धरायचा, राणी चन्नम्मा विद्यापीठाची किंवा व्हीटीयूची (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाची) असेल तर बंगळूरचा. सीमेवरच्या माणसाला हा हेलपाटा का, याचं उत्तर एकही खिडकी देत नाही. त्यात प्रोव्हिजनलवर (तात्पुरत्या पदवी प्रमाणपत्रावर) बहुधा भागत नाही, म्हणून दीक्षान्त समारंभाची वाट न बघता मूळ पदवी लवकर कशी मिळेल ते परीक्षा विभागात आजच विचारा.

आणि वेळ. सोलचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे. तिथली संध्याकाळी 6ची मुदत इथे दुपारी अडीचलाच संपते. निपाणीचा एक जण चार वाजता सायबर कॅफेत पोहोचला, तोवर पोर्टल बंद झालं होतं. दोन वर्षांची तयारी होती त्याची. आदल्या रात्रीच अर्ज भरून पावतीची प्रिंट काढा.