चॅपल हिलची मक्तेदारी

अमेरिकेत फुटबॉल म्हटलं की हेल्मेट घालून एकमेकांवर धडकणारे पुरुष. आपला फुटबॉल तिथे सॉकर. कॉलेजच्या मुलींचं सॉकर फोफावलं, ते मात्र बरंचसं त्या हेल्मेटवाल्यांमुळेच.

१९७२ च्या 'टायटल नाइन' कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगा-मुलगी भेद करायला मनाई केली. कायद्याच्या मूळ कलमात खेळाचं नावही नाही, पण खरी खळबळ उडाली ती मैदानांवर. मोठ्या विद्यापीठांत पुरुषांचा फुटबॉल संघ एकटाच ८५ शिष्यवृत्त्या घ्यायचा, आणि त्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती. मग पारडं सारखं करायला मुलींचा असा खेळ हवा, ज्यात खेळाडू पुष्कळ लागतात आणि खर्च बेताचा. सॉकर आयताच सापडला. पुढे कित्येक वर्षं मुलींच्या सॉकरला १४ शिष्यवृत्त्या होत्या, मुलांच्या सॉकरला ९.९. (छपाईची चूक नव्हे, शिष्यवृत्ती तुकडे करून वाटता येते.)

गंमत म्हणजे एनसीएए ही कॉलेज खेळांची बलाढ्य संघटना आधी याच कायद्याच्या अंमलबजावणीविरुद्ध कोर्टात गेली होती. मुलींच्या स्पर्धा तेव्हा एआयएडब्ल्यू ही बायकांनीच उभी केलेली संघटना भरवायची. १९८१ ची राष्ट्रीय सॉकर स्पर्धा तिचीच. पुढच्याच वर्षी एनसीएएने स्वतःची बारा संघांची स्पर्धा मांडली आणि लवकरच एआयएडब्ल्यूला गाशा गुंडाळावा लागला.

दोन्ही स्पर्धा जिंकल्या चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने. दोन्ही वेळा अंतिम सामन्यात समोर सेंट्रल फ्लोरिडा. प्रशिक्षक होते अॅन्सन डॉरन्स. १९५१ साली जन्म आपल्या मुंबईत, वडील तेल व्यवसायात, त्यामुळे बालपण देशोदेशी. चॅपल हिलला ते कायदा शिकत होते, मुलांच्या संघाला खेळवतही होते. १९७९ मध्ये मुलींचा संघ हाती आला. कायद्याची पदवी राहिली ती राहिलीच.

इतर विद्यापीठं जागी होईपर्यंत यांनी देशभरातल्या उत्तम पोरी गोळा केल्या होत्या. १९८२ ते १९९७ या सोळा स्पर्धांपैकी चौदा त्यांच्या, त्यात १९८६ पासून सलग नऊ. अमेरिकेची गाजलेली सॉकरपटू मिया हॅम इथलीच. १९९१ चा पहिला महिला विश्वचषक अमेरिकेने जिंकला, तेव्हाही प्रशिक्षक डॉरन्सच. मधे १९८५ मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठाने धक्का दिला. १९९५ चा घाव जास्त झोंबला असणार: घरच्या मैदानावर उपांत्य सामना, नोत्र दामविरुद्ध ०-१, आणि तो गोलही स्वयंगोल.

२००१ पासून स्पर्धा ६४ संघांची झाली. पोर्टलँड, स्टॅनफर्ड, फ्लोरिडा स्टेट वगैरे वाटेकरी वाढले.

कॉलेज सॉकरमध्ये घड्याळ उलटं, शून्याकडे धावतं. २०२२ च्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना २-० ने पुढे होती. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाने एक गोल फेडला, आणि घड्याळात १६ सेकंद उरलेले असताना दुसरा. जादा वेळेत सामना ३-२ ने गेला.

ऑगस्ट २०२४ मध्ये, हंगाम तोंडावर असताना, डॉरन्स निवृत्त झाले. डिसेंबरमध्ये हंगामी प्रशिक्षकाच्या हाताखाली संघाने वेक फॉरेस्टला १-० ने हरवलं. २०१२ नंतरचं पहिलं, एनसीएएचं एकूण बाविसावं विजेतेपद, आणि डॉरन्सशिवायचं पहिलंच.