चामडी वस्तूंच्या कडा घोटणे व रंगवणे

चामडे कापल्यावर काठाला उघडे पडलेले तंतू बसवून कड गुळगुळीत करण्याची आणि तिच्यावर मेणाचा किंवा रंगाचा थर चढवण्याची क्रिया. कमरेचा पट्टा, पाकीट, पिशवी, घड्याळाचा पट्टा, बैलाचा साज, चपलेचा तळ अशा हाताने केलेल्या बहुतेक वस्तूंना ती लागते. क्रमाने ती शेवटी येत असली तरी तिची तयारी पहिला काप घेतानाच सुरू होते. रंग हा या कामाचा सर्वांत लहान भाग. कड देखणी होते ती रंगाखाली झालेल्या मेहनतीमुळे, आणि बिघडते तीही बहुतेक वेळा तिथेच.

कडेची रचना : चामड्याची केसांकडची बाजू घट्ट विणीची असते. मांसाकडच्या बाजूला तंतू जाड, सैल आणि एकमेकांत गुंतलेले असतात. काप घेतला की हे दोन्ही थर आडवे उघडे पडतात आणि तंतूंची तोंडे मोकळी होतात. घाम, पाणी आणि धूळ चामड्यात शिरतात त्या मुख्यतः याच वाटेने. पाकिटासारख्या वस्तूत दोन-तीन थर एकमेकांना चिकटवलेले असतात. तिथे कड उघडी राहिली तर ओल आत जाऊन थर सुटू लागतात. म्हणून कडेचे काम ही केवळ सजावट मानणे चूक आहे. वस्तूचे आयुष्य बऱ्याच अंशी त्यावर ठरते. ज्या वस्तूत चामडे पातळ तासून काठावर आत मुडपून शिवतात, तिथे उघडी कड उरतच नाही. असे मुडपकाम हा वेगळा प्रकार आहे.

चामडे कसे कमावले आहे, यावर कडेचे पुढचे सगळे काम अवलंबून असते. मराठवाड्यात जुनी रीत झाडांच्या सालींनी कमावण्याची. बांधावरची बाभूळ, माळावरचा तरवड (नवरात्रात घटाच्या माळेला लागणारी पिवळी फुले याचीच) आणि बाजारातून आणलेला हिरडा यांत टॅनिन, म्हणजे कातडे कमावणारे तुरट द्रव्य, भरपूर असते. ते कातड्यातल्या तंतूंना धरून बसते. हे कष्टाचे काम पिढ्यान्‌पिढ्या ढोर-कक्कय्या समाजाने केले आणि त्या चामड्याच्या वस्तू चर्मकारांनी घडवल्या. लातूर-धाराशिवच्या सीमेला लागून असलेल्या कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या शरणांमध्ये, म्हणजे अनुयायी भक्तांमध्ये, कक्कय्या आणि हरळय्या होते. एक कातडी कमावणारा, दुसरा जोडे शिवणारा. या हातांना समाजाने दिलेली वागणूक आणि त्यांच्या कामाचे मोल यांतली तफावत इतिहासात ठळक दिसते. चामड्याबद्दल लिहिताना ती नोंदवल्यावाचून पुढे जाता येत नाही.

सालीने कमावलेले चामडे ओले करून घासले की त्याचे तंतू दबतात, एकमेकांना चिकटतात आणि चकाकी धरतात. क्रोम क्षारांनी, म्हणजे क्रोमियम धातूच्या क्षारांनी, कमावलेले चामडे असे वागत नाही. ते मऊ आणि लवचिक असते, दाबले तरी पुन्हा उसळते. क्रोमने कमावण्याचा शोध १८५८ मध्ये जर्मनीत फ्रीडरिश क्नाप याने लावला. १८८४ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ याने पेटंट घेतल्यावर ती पद्धत उद्योगात रुळली. आज पिशव्या, पाकिटे आणि जोड्यांचे वरचे भाग यांसाठी मिळणारे बहुतेक चामडे क्रोमचेच असते. त्यामुळे ढोबळ नियम असा : सालीचे चामडे घोटावे, क्रोमचे रंगवावे. चामडे कोणते हे कळत नसेल तर कापलेली कड पाहावी. सालीच्या चामड्याची कड आतपर्यंत तपकिरी दिसते. क्रोमच्या, न रंगवलेल्या चामड्यात निळसर करडी छटा असते.

महाराष्ट्रात २०१५ मध्ये गोहत्याबंदीचा कायदा बैल आणि वळू यांनाही लागू झाला. तेव्हापासून कारागिरांचा भर म्हशीच्या चामड्यावर वाढला. म्हशीचे चामडे जाड आणि मजबूत असते, पण त्याचे तंतू भरड असतात. त्याच्या कडेवर लव लवकर उभी राहते आणि ती बसवायला घासाई जास्त लागते.

काप आणि घासाई : रापीला, म्हणजे चामडे कापायच्या हत्याराला, धार नसेल तर कड फाटल्यासारखी निघते. पुढे कितीही घासले तरी तो दोष पुरता जात नाही. काप काटकोनात हवा. रापी कलली की दोन थर जुळत नाहीत. थर सोल्युशनने (चिकटवायच्या द्रावाने) चिकटवताना ते अगदी काठापर्यंत लावावे लागते, कारण काठाशी राहिलेली बारीकशी फट रंगाच्या पहिल्या थरानंतरही रेघ होऊन दिसते. शिवण घालून झाल्यावरच कड अंतिम मापाला आणतात. मग पॉलिश पेपर (नंबर जितका मोठा, तितका कागद बारीक). आधी १८० किंवा २४० नंबरने थर एकसारखे करायचे, नंतर ४०० आणि ६०० ने ओरखडे काढायचे. नंबर मधेच सोडून पुढे गेले की आधीच्या कागदाचे ओरखडे तसेच राहतात आणि रंग ओला असताना लपलेले हे ओरखडे वाळल्यावर वर येतात. यानंतर दोन्ही बाजूंचा टोकदार कोपरा उतरवून कड गोलसर करतात. तीन-चार मिलिमीटर जाडीच्या पट्ट्याला हा गोलावा चांगला शोभतो. पातळ पाकिटाला तो अगदी हलका ठेवावा, नाहीतर कड सुरीच्या पात्यासारखी होते.

घोटणे : कड पाण्याने किंचित ओली करतात, तिला डिंकाचे पाणी किंवा पाण्यात फुगवलेला कतीरा (डिंकाचाच एक प्रकार) लावतात आणि लाकडी घोटणीने, हाडाने किंवा जाड सुती कापडाने भरभर घासतात. ओल, दाब आणि घर्षणाची ऊब हे तिन्ही एकत्र आले की तंतू झोपतात. पाणी जास्त झाले तर कड फुगते आणि चेपल्यावर छत्रीसारखी बाहेर पसरते. कमी पडले तर नुसती जळते. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद घोटून गुळगुळीत करण्याची परंपरा आहे. तिथल्यासारखेच इथेही जोरापेक्षा न थांबता फिरणारा हात महत्त्वाचा. शेवटी मधमाशीचे मेण घासून, कापडाने तापवून ते आत जिरवतात. सालीच्या ओल्या चामड्याचे तंतू साधारण ७० ते ८५ अंश सेल्सियसला आक्रसू लागतात. ओल्या कडेला गरम लोखंड लावू नये ते याचसाठी : कड कडक होते आणि नंतर तडकते.

सालीच्या चामड्याची कड काळी करण्याचा जुना उपाय हिराकसाचा (लोहाच्या एका क्षाराचा). हिराकसातले लोह आणि चामड्यातले टॅनिन यांचा संयोग होऊन काळा रंग तयार होतो. हा रंग वर चढवलेला नसतो, तंतूंतच उतरतो, म्हणून तो सोलून निघत नाही. मात्र द्रावण तीव्र झाले तर चामडे कालांतराने ठिसूळ होते. क्रोमच्या चामड्यावर हिराकस फारसे काही करत नाही, कारण तिथे टॅनिनच नसते.

रंगवणे : कडेचा रंग म्हणजे कपड्याचा किंवा भिंतीचा रंग नव्हे. तो अॅक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनवर आधारलेला, दाट आणि वाळल्यावरही वाकणारा असतो. घड्याळाचा पट्टा किंवा पाकिटाची घडी रोज वाकते. तिथे साधा अॅक्रिलिक रंग काही दिवसांत चिरतो. अशा जागी लवचिक पॉलियुरेथेनचाच रंग घ्यावा. पहिला थर पातळ असतो आणि तो जवळजवळ पूर्ण शोषला जातो. त्याने तंतू पुन्हा उभे राहतात, म्हणून वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने हात फिरवावा लागतो. बरेच नवशिके इथेच घाई करतात. खडबडीत पहिल्या थरावर दुसरा जाड थर दिला तर खडबड लपत नाही, उलट चकाकीमुळे उठून दिसते. यानंतर दोन ते चार थर देतात आणि मधल्या प्रत्येक थरावर हलकी घासाई करतात.

रंग लावायला ब्रश गैरसोयीचा. आरीच्या (चामड्याला भोक पाडायच्या टोच्याच्या) टोकावर किंवा काडीवर रंगाचा थेंब घेऊन तो कडेवरून ओढत नेतात. थेंब पृष्ठताणाने दोन्ही कोपऱ्यांपर्यंत स्वतःच पसरतो आणि मधे किंचित उंच राहतो. हा उंचवटाच चांगल्या कडेची गोलाई. टोक चामड्याला टेकले की रंग वरच्या पृष्ठभागावर उतरतो, म्हणून टोकाने चामड्याला न शिवता फक्त थेंब ओढायचा असतो. चुकून उतरलेला रंग लगेच ओल्या फडक्याने पुसावा. वाळल्यावर तो खरवडताना चामड्याचा वरचा थरही निघतो. काही कारागीर थरांच्या मधे तापवलेली लोखंडी कडपट्टी हलकेच फिरवतात. रंग किंचित मऊ होऊन बारीक छिद्रे बुजतात आणि थर घट्ट बसतो. पट्टी जास्त तापली तर रंग तिला चिकटून ओढला जातो.

मेण किंवा तेल लागलेल्या कडेवर रंग धरत नाही. घोटायचे की रंगवायचे हे म्हणूनच आधी ठरवावे लागते.

हवामान : मराठवाड्यातला उन्हाळा कोरडा असतो आणि पारा वारंवार चाळिशीपार जातो. अशा हवेत पाण्यावर आधारलेल्या रंगाची वरची साय लवकर धरते आणि आतला रंग ओलाच राहतो. मग सुरकुत्या पडतात किंवा सुईच्या टोकाएवढी छिद्रे उमटतात. थर आणखी पातळ ठेवणे, काम सकाळी करणे आणि पंख्याखाली वाळत न घालणे हे यावरचे उपाय. पावसाळ्यात उलट अडचण असते. वरून वाळलेला थर आत चिकट राहतो आणि दोन पाकिटे एकावर एक ठेवली की कडा एकमेकींना चिकटतात. एक थर देऊन रात्रभर थांबणे त्या दिवसांत बरे.

शेतीतील वापर : मराठवाड्यात चामड्याच्या कडेच्या कामाचा जुना आणि गरजेचा उपयोग बैलांच्या साजात दिसतो. पोळ्याला बांधायची घुंगरमाळ चामड्याच्या पट्ट्यावर ओवलेली असते. तो पट्टा धारदार काठाचा असेल तर मानेचे केस झडतात आणि घाम लागून जखम होते. कड गोल करून, घोटून, तेल देऊन मऊ ठेवणे ही तिथे बैलाच्या मानेची काळजी आहे. तिथे रंगाला महत्त्व नाही, सुटलेली खपली उलट टोचते. खंडोबाच्या माळेगावच्या यात्रेत (ता. लोहा, जि. नांदेड) बैल, घोडे, उंट यांचा मोठा बाजार भरतो. जनावराचा साज घेताना काठावरून बोट फिरवून पाहावे, शिवण आणि झळाळी नंतर पाहावी.

विजेचे पंप येण्याआधी विहिरीवर मोट, म्हणजे बैलांनी ओढायची पाण्याची चामडी पिशवी, चाले. पाण्यात सतत भिजणाऱ्या चामड्याला आणि नाड्याला करडईचे जाळून काळे केलेले चिकट तेल चोपडत. करडई आणि जवस या दोन्हींचे तेल हवेत हळूहळू घट्ट होऊन पातळ पापुद्रा धरते आणि तो पाणी अडवतो. मराठवाडा हा करडईचा मुलूख, त्यामुळे हे संरक्षण शेतातच पिकत होते.

दुरुस्ती : रंगवलेली कड चिरली तर चिरेवर नवा रंग भरून भागत नाही. सुटलेला भाग पुरता खरवडून, २४० नंबरने खाली चामड्यापर्यंत घासून, पहिल्या पातळ थरापासून पुन्हा सुरुवात करावी लागते. घोटलेल्या कडेची दुरुस्ती त्या मानाने सोपी असते : थोडे पाणी, थोडे मेण आणि कापड. रोज वापरायच्या जाड पट्ट्याला सालीचे चामडे घेऊन कड घोटावी, हे बरे. वर्षांनी ती निस्तेज झाली तरी घरच्या घरी पुन्हा उजळता येते.